पर्यावरणपूरक आणि आगीला टिकणारं बांधकाम साहित्य कसं निवडावं : पायरीपायरीने मार्गदर्शन

बांधकाम प्रकल्पात दोन फायली वेगवेगळ्या टेबलांवर फिरत असतात. एक ऊर्जा आणि पर्यावरणाची, दुसरी अग्निसुरक्षेची. पहिली डिझाइनच्या वेळी उघडते, दुसरी बहुतेकदा परवानगीच्या वेळी. या दोन फायली एकत्र वाचल्या गेल्या नाहीत की काय होतं, ते लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये दिसलं. १९७४ साली पूर्ण झालेल्या या २४ मजली काँक्रीटच्या इमारतीचं नूतनीकरण २०१६ मध्ये संपलं. घरं उबदार राहावीत आणि इमारत देखणी दिसावी म्हणून तिच्यावर बाहेरून फोमचं उष्णतारोधन आणि त्यावर ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा) क्लॅडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, चढवली गेली. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये फ्रिजपाशी आग लागली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेरच्या पॅनेलपर्यंत पोचली आणि ७२ माणसं गेली. काँक्रीटचा मूळ सांगाडा त्यानंतरही उभा होता. आग वर चढली ती नंतर लावलेल्या साहित्यातून.

म्हणून या लेखात सगळीकडे एकच आग्रह आहे : प्रत्येक साहित्याला पर्यावरणाचा आणि आगीचा प्रश्न एकाच वेळी, एकाच बैठकीत विचारा, आणि सुटं साहित्य न तपासता ते ज्या भिंतीत, छतात किंवा दारात बसणार आहे तो पूर्ण थर तपासा. जी इमारत जळून पुन्हा बांधावी लागते, तिच्या पहिल्या सिमेंटचा, पोलादाचा आणि काचेचा सगळा कार्बन वाया गेलेला असतो.

पायरी १ : साहित्याआधी जागा ठरवा

कॅटलॉग उघडण्याआधी नकाशा समोर घ्या आणि आगीच्या दृष्टीने नाजूक जागा लाल पेन्सिलीने रंगवा. माणसं ज्या वाटेने बाहेर पडणार तो जिना आणि पॅसेज. लिफ्टची विहीर, केबल आणि पाइपांचे उभे शाफ्ट. स्वयंपाकघर, विजेची खोली, जनरेटर, बॅटऱ्यांची जागा, पार्किंग. दोन घरांमधली सामाईक भिंत. बाहेरची पूर्ण भिंत, कारण आग खिडकीतून बाहेर पडून वरच्या मजल्याच्या खिडकीतून परत आत शिरते. शेजारची इमारत जवळ असेल तर त्या बाजूची भिंत आणि छप्पर.

आता प्रत्येक जागेपुढे मिनिटं लिहा. इमारतीची उंची, वापर आणि आतल्या माणसांची संख्या पाहून तिथली बांधकाम संहिता ३०, ६०, ९० किंवा १२० मिनिटं असा आकडा सांगते. तो किमान आकडा असतो. रुग्णालय, वृद्धांचं निवासस्थान, लहान मुलांची शाळा अशा ठिकाणी लोकांना बाहेर काढायला वेळ लागतो, तिथे किमानावर थांबू नये असं माझं मत आहे.

हाच नकाशा पर्यावरणाच्याही कामी येतो. सगळ्या इमारतीला १२० मिनिटांचं साहित्य लागत नाही. जिना, शाफ्ट आणि बाहेरची भिंत अदाह्य साहित्यात बांधली की उरलेल्या जागी लाकूड, माती, बांबू, पुनर्वापरातलं साहित्य वापरायला बरीच मोकळीक मिळते. जुनी इमारत दुरुस्त करत असाल तर आणखी एक गोष्ट याच नकाशावर दिसेल : कोणता सांगाडा तसाच ठेवता येतो. जो कॉलम पाडावा लागला नाही, त्याच्याइतकं कमी कार्बनचं साहित्य बाजारात मिळणार नाही.

पायरी २ : ‘जळतं का’ आणि ‘किती वेळ टिकतं’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद जाते आणि बीम वाकतो. जाड लाकूड जळतं, पण बाहेरून कोळसा धरत हळूहळू जळतं आणि आतला गाभा भार पेलत राहतो. पहिल्या प्रश्नाला पोलाद पास, दुसऱ्याला नापास. लाकडाचं बरोबर उलटं. दोन्ही उत्तरं हातात असल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे साहित्य आगीला किती खाद्य देतं यासाठी, युरोपच्या ईएन १३५०१-१ या मानकातली वर्गवारी सगळ्यात स्पष्ट आहे. ए१ आणि ए२ मध्ये जवळजवळ न जळणारं साहित्य येतं, त्यानंतर बी, सी, डी, ई अशा पायऱ्या उतरत एफपर्यंत जातात. त्यासोबत धुराचे तीन दर्जे असतात, एस१ ते एस३, आणि जळते थेंब खाली पडतात का याचे डी० ते डी२. धुराचा दर्जा दुर्लक्षित राहतो, आणि आगीत बरीच माणसं ज्वाळा पोचण्याआधीच धुराने बेशुद्ध होतात. जिन्यात आणि पॅसेजमध्ये एस१ आणि डी० यांच्याखाली उतरू नका.

दुसऱ्या प्रश्नासाठी पूर्ण भिंत, छत किंवा दार भट्टीला लावून तपासतात. आयएसओ ८३४ च्या प्रमाण आगीत भट्टीचं तापमान ३० मिनिटांत ८४२ अंश, ६० मिनिटांत ९४५ अंश आणि १२० मिनिटांत १०४९ अंशांवर जातं. निकाल तीन अक्षरांत येतो. आर म्हणजे भार पेलला, ई म्हणजे ज्वाळा आणि गरम वायू पलीकडे गेले नाहीत, आय म्हणजे पलीकडची बाजू धोकादायक तापली नाही. आरईआय ६० लिहिलेली भिंत या तिन्ही बाबतीत तासभर टिकलेली असते. नुसतं ई ६० असेल तर पलीकडे टेकवलेलं कपाट उष्णतेने पेटू शकतं.

पायरी ३ : कार्बनचा हिशेब किलोवर करू नका

उत्पादकाकडून ईपीडी मागा, म्हणजे त्या मालाचं तिसऱ्या पक्षाने तपासलेलं पर्यावरण घोषणापत्र. ईएन १५८०४ या मानकानुसार केलेल्या घोषणापत्रात ए१ ते ए३ हे टप्पे (आगीच्या ए१, ए२ वर्गांशी यांचा संबंध नाही) कच्चा माल, त्याची वाहतूक आणि कारखाना यांचे असतात. पुढच्या टप्प्यांत साइटपर्यंतची वाहतूक, वापराच्या काळातली बदली आणि शेवटची विल्हेवाट येते. विक्रेता बहुतेकदा फक्त ए१ ते ए३ चा आकडा दाखवतो. पण दर १५ वर्षांनी बदलावी लागणारी क्लॅडिंग आणि ६० वर्षं टिकणारी क्लॅडिंग यांचा पहिल्या दिवशीचा आकडा सारखा असला तरी हिशेब सारखा नसतो.

तुलना करताना एकक असं धरा : ठरलेली मिनिटं टिकणारी, ठरलेली उष्णता रोखणारी एक चौरस मीटर भिंत. किलोवर तुलना केली की फसगत होते. १०० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर भिंतीला, घनता साधारण १८०० किलो प्रति घनमीटर धरली तर भाजलेल्या विटेचा १८० किलो माल लागतो. सुमारे ६०० घनतेचा एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, वापरला तर ६० किलो. शिवाय भिंत हलकी झाली की बीम, कॉलम आणि पाया यांच्यावरचा भार उतरतो आणि तिथलं सिमेंट-सळईही वाचते. दुसऱ्या बाजूने, जे हलकं पॅनेल आगीसाठी दोन थर बोर्ड आणि रासायनिक लेप मागतं, त्याच्या खात्यात ते थरही धरायला हवेत.

पायरी ४ : एकेक साहित्य तपासा

काँक्रीट. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंधनातून येत नाही. चुनखडी तापून तिचं विघटन होताना तो बाहेर पडतो. त्यामुळे भट्टीचं इंधन बदलून प्रश्न अर्धाच सुटतो. खरा उपाय क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला सिमेंटचा मूळ घटक, कमी करण्याचा आहे : फ्लाय ॲश (दगडी कोळशाची राख), पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग, किंवा भाजलेली माती आणि चुनखडी घातलेलं एलसी३ सिमेंट, ज्यात क्लिंकर निम्म्यावर येतं. अशा काँक्रीटची सुरुवातीची ताकद सावकाश वाढते. सेंट्रिंग काढायची घाई करू नका आणि पाणी जास्त दिवस मारा, हे वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा.

आगीत काँक्रीट भरवशाचं असतं ते सळईवरच्या काँक्रीटच्या थरामुळे, म्हणजे कव्हरमुळे. कव्हर ठरल्यापेक्षा १० मिलिमीटरने कमी पडलं तर मिनिटं झपाट्याने घटतात, म्हणून कव्हर ब्लॉक मोजून बसवणं हे आगीचंही काम आहे. खडीचा प्रकारही महत्त्वाचा. क्वार्ट्‌झ असलेली खडी ५७३ अंशांच्या आसपास एकदम फुगते; चुनखडीची किंवा हलकी खडी उष्णता जास्त चांगली सोसते. फार घट्ट, उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये आतल्या पाण्याची वाफ अडकते आणि पृष्ठभागाचे तुकडे उडतात. त्यासाठी मिश्रणात पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घालतात, युरोपच्या नियमाप्रमाणे घनमीटरला किमान २ किलो. सुमारे १६० अंशांना ते वितळतात आणि वाफेला वाट मिळते.

विटा, माती, ब्लॉक. भाजलेली वीट भट्टीतून निघालेली असल्याने आगीत तिचं फारसं बिघडत नाही. तिचा दोष भट्टीच्या इंधनात आणि सुपीक मातीच्या वापरात आहे. जुन्या इमारतीतून निघालेल्या, ठोकून पाहिलेल्या अखंड विटा मिळत असतील तर पहिली पसंती त्यांना द्या. दाबून केलेले मातीचे ब्लॉक भाजावे लागत नाहीत, त्यात थोडंसं सिमेंट किंवा चुना पुरतो, आणि ते जळत नाहीत. त्यांना जपायचं ते पाण्यापासून : रुंद पागोळी आणि उंच जोतं. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याला कमी लेखू नका. लाकडावर किंवा बांबूवर जाड, न तडकलेला गिलावा असेल तर आगीचा पहिला तडाखा तोच घेतो.

पोलाद. पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतं आणि विजेच्या भट्टीत भंगारापासून केलेल्या पोलादाचा कार्बन खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा बराच कमी असतो. भंगाराचं प्रमाण ईपीडीत पाहा. आगीसाठी पोलादाला संरक्षण लागतंच : बोर्डचं खोकं, फवारलेला लेप, काँक्रीटचं वेष्टन, किंवा उष्णतेने फुगणारा रंग. हा रंग साधारण २०० अंशांनंतर फुगून फेसासारखा जाड थर धरतो. किती जाड लावायचा ते सेक्शनवर, म्हणजे बीम-कॉलमच्या आकारावर आणि जाडीवर, अवलंबून असतं, कारण पातळ, उघडा सेक्शन लवकर तापतो. कधी कधी थोडा जड सेक्शन घेऊन रंगाचे थर कमी करणं परवडतं. दोन्ही हिशेब मांडून पाहा. सुकलेल्या रंगाची जाडी मीटरने मोजून तिची नोंद ठेवा, नजरेने ती कळत नाही.

लाकूड. जाड, चिकटवून केलेल्या लाकडाबद्दल अकारण भीती आहे, आणि पातळ फळ्यांबद्दल अकारण बेफिकिरी. मऊ लाकडाचा ग्लूलॅम (फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेला) बीम मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या दराने कोळसा होतो, कोपऱ्यांचं जास्तीचं जळणं त्यात धरून. हिशेब करून पाहा. ६० मिनिटांत ४२ मिलिमीटर, आणि कोळशाच्या मागे ताकद गमावलेला ७ मिलिमीटरचा थर युरोपियन नियम धरायला सांगतो, एकूण ४९. चारी बाजूंनी आग लागलेल्या ३०० मिलिमीटरच्या चौकोनी कॉलममधून दोन्हीकडचे मिळून ९८ वजा केले तर २०२ मिलिमीटरचा शाबूत गाभा उरतो. इमारतीचा भार तेवढ्या गाभ्याने पेलला पाहिजे, असं गणित अभियंत्याकडून मागा. अमेरिकेत मिलवॉकी इथे २०२२ मध्ये पूर्ण झालेली ‘असेंट’ ही २५ मजली इमारत अशाच जाड लाकडी सांगाड्याची आहे. तिचे खालचे मजले, जिने आणि लिफ्टचे गाभे मात्र काँक्रीटचे आहेत.

लाकडात तीन गोष्टी विचाराच. एक, चिकटवायचा गोंद उष्णतेत सुटतो का. सीएलटी पॅनेलचा (आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या लाकडी पॅनेलचा) जळलेला थर गळून पडला तर आतलं न जळलेलं लाकूड नव्याने पेट घेतं. दोन, जोडाच्या लोखंडी प्लेटी लाकडाच्या आत झाकलेल्या आहेत का, कारण उघडी प्लेट तापून लाकूड आतून जाळते. तीन, लाकूड कुठून आलं. एफएससी किंवा पीईएफसी या जंगल जपून काढलेल्या लाकडाच्या प्रमाणपत्रांची साखळी तुटली असेल तर पर्यावरणाचा दावा तिथेच संपतो.

बांबू झपाट्याने वाढतो आणि ताकदीला चांगला असतो, पण पोकळ आणि पातळ भिंतीचा असल्याने चटकन पेटतो. जाड लाकडाचा कोळशाचा नियम त्याला लावू नका. एक-दोन मजल्यांच्या घरात दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली बांबूची भिंत मला योग्य वाटते. उघडा बांबू जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर नको. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया किडीसाठी करतातच, तिने पेट घेणं थोडं लांबतं, पण पावसात उघडं राहिलं तर ते मीठ धुऊन जातं.

उष्णतारोधन. दोन फायलींची सगळ्यात मोठी टक्कर इथे होते, म्हणून इथे जरा थांबू. फोम हलका असतो, पातळ थरात जास्त उष्णता अडवतो, वीज वाचवतो. आणि तो पेट्रोकेमिकलचा असतो. थर्माकोल, म्हणजे ईपीएस, १०० अंशांच्या आसपासच मऊ होऊन आक्रसायला लागतो आणि पोकळी मागे ठेवतो. पॉलियुरेथेन आणि पीआयआर फोम वितळत नाहीत, कोळसा धरतात, पण जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सोडतात. आग लवकर लागू नये म्हणून फोममध्ये रसायनं घालतात. त्यातलं पॉलिस्टायरीनमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं एचबीसीडी हे रसायन २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं, कारण ते निसर्गात विघटित होत नाही आणि सजीवांच्या शरीरात साठत जातं. जुना फोम काढताना तो साध्या कचऱ्यात टाकू नये, याचं हे कारण.

दगडी लोकर, जिला साइटवर रॉकवूल म्हणतात, १००० अंशांच्या वर तग धरते. काचेची लोकर अदाह्य असते पण त्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला आक्रसते, म्हणून फटी बंद करायला दगडी लोकरच घ्या. कागदापासून केलेलं सेल्युलोज, लाकडी तंतूंचे बोर्ड, कॉर्क, हेंप (औद्योगिक भांगेचं खोड) आणि चुन्याचं मिश्रण यांचा कार्बन कमी असतो, आणि चुन्यात गुंडाळलेला हेंप सहज पेटत नाही. पण हेंप-चुना सोडला तर ही सगळी जळणारी साहित्यं आहेत, आणि त्यांची जागा गिलाव्याच्या किंवा बोर्डच्या बंद थराआड.

माझी वाटणी अशी असते : उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, शाफ्टमध्ये आणि जिन्याभोवती फक्त ए१ किंवा ए२ दर्जाचं उष्णतारोधन. जमिनीखाली, पायाभोवती, काँक्रीटच्या मधल्या थरात फोम चालतो, कारण तिथे आगीला हवा मिळत नाही; तरी परवडत असेल तर तिथेही फोम ग्लास बघा, तो ए१ आहे आणि भंगार काचेपासून होतो. बुटक्या घराच्या आतल्या बाजूला बंद थराआड वनस्पतीजन्य साहित्य. विजेच्या बिलात फोम जिंकतो म्हणून उंच इमारतीला बाहेरून फोम चढवणं मला मान्य नाही. भिंत चार-सहा सेंटिमीटर जाड झाली तर होऊ द्या.

क्लॅडिंग. ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे बाहेरचे दोन पत्रे जळण्याचा प्रश्न नसतो, धोका मधल्या गाभ्यात असतो. शुद्ध पॉलिइथिलीनचा गाभा म्हणजे भिंतीवर पसरलेलं घन इंधन, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळून त्याला उघडं पाडतं. मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत नोव्हेंबर २०१४ मध्ये बाल्कनीतल्या एका सिगारेटपासून लागलेली आग अशाच पॅनेलवरून काही मिनिटांत वरपर्यंत चढली. ‘एफआर’ (फायर रिटार्डंट, म्हणजे आग मंदावणारं) लिहिलेल्या पॅनेलच्या गाभ्यातही प्लास्टिक असतंच, फक्त कमी. ए२ लिहिलेलं मागा, किंवा टेराकोटा, फायबर सिमेंट, दगड, एकसंध ॲल्युमिनियम पत्रा यांकडे वळा. शिवाय क्लॅडिंगमागची हवेची पोकळी धुराड्यासारखं काम करते. प्रत्येक मजल्याला आणि खिडकीभोवती तिला आडवे-उभे अडथळे लागतात. ते नसतील तर अदाह्य पॅनेलमागून धूर आणि ज्वाळा वर जाऊ शकतात.

जिप्सम बोर्ड. जिप्समच्या वजनात साधारण २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डमागचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, आणि त्यातून मिनिटं मिळतात. आगीसाठी काचेचे तंतू घातलेला खास बोर्ड लागतो. साधा बोर्ड पाणी गेल्यावर तडकून पडतो. स्क्रूमधलं अंतर, सांध्यांचं भरण आणि दोन थरांचे सांधे एकमेकांवर न येणं हे सगळं चाचणीत होतं तसंच साइटवर हवं.

काच, केबल आणि पाइप थोडक्यात. साधी काच आगीत काही मिनिटांत फुटते. अग्निरोधक काचेत ई आणि ईआय हा फरक विचारा, आणि फ्रेमसह चाचणी झालेली घ्या. पीव्हीसीच्या केबलमधून जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, म्हणून बाहेर पडण्याच्या वाटांवर कमी धुराच्या, हॅलोजनमुक्त केबल वापरा.

पायरी ५ : सांधे, भोकं आणि दारं

उत्तम भिंत एका पाइपच्या भोकाने वाया जाते. भिंत आरईआय ६० ची असते. मग प्लंबर तिला भोक पाडतो, पाठोपाठ केबलवाला आणि एसीवाला येतो, आणि भोकाभोवतीची फट फोमच्या साध्या डब्याने भरली जाते. आगीत तो फोम आधी जातो. प्लास्टिक पाइप तर स्वतःच वितळून भोक मोकळं करतो. त्यासाठी पाइपभोवती उष्णतेने फुगणारी कॉलर बसवतात. ती फुगून पाइपची जागा चिणून टाकते. लोखंडी पाइपला दगडी लोकर आणि सीलंट, केबल ट्रेला लेप दिलेले बोर्ड किंवा उघडझाप करता येणाऱ्या उशा, हवेच्या डक्टला फायर डँपर, म्हणजे आगीत आपोआप बंद होणारी झडप. प्रत्येक प्रकाराची चाचणी वेगळी असते आणि भोकाचा आकार तिच्या मर्यादेत बसावा लागतो. डिझाइनच्या वेळीच सगळे पाइप आणि केबल दोन-तीन ठरावीक जागांवरून नेले तर भोकं कमी होतात, साहित्य वाचतं आणि तपासणी सोपी होते.

दाराची चाचणी चौकट, बिजागरी, कुलूप आणि कडेच्या फुगणाऱ्या पट्टीसह होते. फळी एका उत्पादकाची, चौकट दुसऱ्याची आणि बिजागरी मिळेल ती, असं केलं तर हातातलं प्रमाणपत्र त्या दाराचं राहत नाही. आणि आपोआप बंद न होणारं अग्निरोधक दार आगीच्या वेळी उघडंच सापडतं.

पायरी ६ : प्रमाणपत्र नीट वाचा

ग्रेनफेलच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. काही साहित्य उत्पादकांनी चाचण्यांचे निकाल दिशाभूल होईल अशा तऱ्हेने वापरले होते, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष आहे. म्हणून कॅटलॉगमधल्या एका ओळीवर विसंबू नका, पूर्ण चाचणी अहवाल मागा. त्यात पाहा : नमुन्याची जाडी आणि घनता तुमच्या मालाइतकीच आहे का, तो कशावर बसवला होता, मागे हवेची पोकळी होती का, रंग आणि गोंद कोणता, दोन्ही बाजूंनी तपासलं की एकाच. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का आणि निकाल कोणत्या मापांपर्यंत लागू आहे, हेही त्यातच लिहिलेलं असतं.

एका ठिकाणी जपून राहा. अमेरिकेच्या एएसटीएम ई८४ चाचणीतला ‘क्लास ए’ आणि युरोपचा ए१ या एकच गोष्टी नाहीत. ई८४ मध्ये पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरते ते मोजतात आणि ० ते २५ निर्देशांक आला की क्लास ए मिळतो. काही फोमनाही तो मिळतो. विक्रेत्याने नुसतं ‘क्लास ए, अग्निरोधक’ म्हटलं तर कोणती चाचणी, हे लेखी घ्या. ‘ग्रीन’ शिक्क्याचंही तेच : तो ऊर्जा, पुनर्वापर किंवा हवेच्या दर्जाबद्दल बोलतो, आगीबद्दल बहुधा काहीच सांगत नाही.

पायरी ७ : निविदेपासून साइटपर्यंत माल तोच राहील असं बघा

निविदेत मालाच्या नावापुढे ‘किंवा समतुल्य’ एवढंच लिहिलं की बदल तिथूनच शिरतो. समतुल्य कशात ते लिहा : आगीचा वर्ग, धुराचा दर्जा, मिनिटं, कार्बनचा आकडा, आयुष्य. बदल सुचवला गेला तर तो अग्नी आणि पर्यावरण, दोन्ही बघणाऱ्यांच्या सहीशिवाय मान्य होणार नाही, अशी अट घाला. गाडी आली की लेबल, बॅच नंबर आणि जाडी पडताळा. कंपोझिट पॅनेलचा कापलेला कोपरा हातात घेऊन गाभा बघा आणि शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. जिप्सम बोर्ड आणि दगडी लोकर ओली होऊ देऊ नका.

भिंत किंवा छत बंद होण्याआधी आतल्या लोकरीचे, पोकळीतल्या अडथळ्यांचे आणि भोकांच्या भरणाचे फोटो जागेच्या खुणेसह काढा. नंतर ते कुणालाच दिसणार नाहीत. लाकडी इमारतीत बांधकामाचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण बोर्ड लागलेले नसतात आणि स्प्रिंकलर चालू नसतात. वेल्डिंगला लेखी परवाना, काम संपल्यावरही किमान तासभर पहारा, रोजच्या रोज भुसा आणि पॅकिंग हटवणं, आणि बोर्ड शेवटी एकदम न लावता मजल्यागणिक लावत जाणं, हे करारातच असू द्या.

पायरी ८ : इमारत ताब्यात देताना

प्रत्येक भिंतीचा थर, प्रत्येक दाराचा आणि भरलेल्या भोकाचा क्रमांक, चाचणी अहवाल, ईपीडी आणि बंद करण्याआधीचे फोटो अशी एक फाइल मालकाला किंवा सोसायटीला द्या. तिच्यात दोन तारखा ठळक लिहा : लाकडावरचा अग्निरोधक लेप पुन्हा कधी लावायचा आणि दारांच्या पट्ट्या आणि दार आपोआप बंद करणारे क्लोझर पुन्हा कधी तपासायचे. कोणता भाग उलगडून पुन्हा वापरता येईल, हेही त्याच फाइलमध्ये नोंदवा; बोल्टने जोडलेला पोलादी बीम, चुन्यात बांधलेली वीट आणि स्क्रूने लावलेला लाकडी पॅनेल पुढच्या इमारतीत जाऊ शकतात, गोंदाने चिकटवलेले थर बहुधा जात नाहीत. आणि अग्निरोधक भिंतीला नवं भोक पाडण्याआधी या फाइलमध्ये नोंद आणि जबाबदार माणसाची सही, हा नियम इंटरनेटची एकच वायर ओढायला आलेल्या माणसालाही लागू असू द्या.